ओव्हाळ मास्तरांचे मयत रजिस्टर

मृत्यूची नोंद उशिरा करून मिळण्याबाबतचे अर्ज मी आजवर इतके लिहिले आहेत, की ती भाषा आता हाताला येते, डोक्याला विचारावे लागत नाही. दौंडच्या तहसील कचेरीसमोर माझे टेबल मांडले जाऊ लागले त्याला पाव शतक झाले. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले हे मी लपवत नाही. परंतु कोणत्या वाक्यापाशी साहेबांचा हात पेनाकडे जातो, हे ज्ञान बी.ए. झालेल्यांना मिळतेच असे नाही. असो.

मागच्या महिन्यात भीमेकाठचा एक गृहस्थ वडिलांच्या मृत्यूचा अर्ज घेऊन आला. मी नमुना भरत गेलो. मयताचे नाव, वय, ठिकाण, कारण. कारणाचा रकाना भरून झाला आणि माझे पेन थांबले. मी पुढचा रकाना शोधू लागलो. गृहस्थ घाबरून म्हणाला, "काय ऱ्हायलं का?" मी म्हणालो, काही नाही. खरे तर राहिले होते. "टाळता आला असता काय?" हा रकाना राहिला होता. पण तो सरकारी नमुन्यात नाही. माझ्या माहितीप्रमाणे तो या तालुक्यात एकाच रजिस्टरात होता. ते रजिस्टर ओव्हाळ मास्तरांचे होते, आणि त्यात मयत म्हणून नोंदलेली माणसे कधी जन्मालाच आलेली नव्हती.

सिद्धार्थ ओव्हाळ यांनी कोणत्याही शाळेत एक तासही शिकवले नाही. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ते सेफ्टी विभागात होते, आणि कामगार मरू नये हे पाहणे हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा होता. बुटका बांधा, बाहीची घडी कोपरापर्यंत, शर्टाच्या खिशात दोन पेने आणि एक शिट्टी. शिट्टी रविवारीही असे. कोठेही बसण्याआधी ते बाहेर जाण्याच्या वाटा मोजत. लग्नाला गेले तर नवरदेवाआधी आचाऱ्याला भेटत आणि सिलिंडर कुठे ठेवले ते पाहून येत. माझ्या टेबलाजवळच्या तीन पायऱ्या उतरताना ते कठडा धरीत. तिथे कठडा नव्हता, म्हणून माझा खांदा धरीत. "तीन पायऱ्यांवरनंच मानसं पडत्यात," असे त्यांचे म्हणणे, "तीसवर मानूस आपसूक भितंय."

त्यांना मास्तर हे नाव पडले ते खेळामुळे. त्यांच्या कंपनीत बंगलोरचा एक इंजिनियर शिकाऊ म्हणून आला होता, तो जाताना इंग्रजीतले एक जाड पुस्तक आणि वीस बाजूंचा एक फासा ठेवून गेला. मास्तरांनी डिक्शनरी घेऊन वर्षभरात ते पुस्तक वाचून काढले. खेळ असा, की त्याला पट नाही आणि सोंगट्याही नाहीत. एक जण प्रसंग सांगतो, त्याला त्या पुस्तकात मास्टर म्हटले आहे. बाकीचे प्रत्येकी एक काल्पनिक माणूस सांभाळतात, तो काय करतो ते बोलून दाखवतात, आणि ते साधले की फसले हे फासा ठरवतो. प्रत्येकाच्या कागदावर त्याच्या माणसाचा जीव आकड्यात लिहिलेला असतो. तलवार लागली की पेन्सिलीचा आकडा खोडून कमी करायचा. शून्य झाला की मेला.

मूळ पुस्तकात आग ओकणारे पंखवाले सरडे होते. ते मास्तरांनी पहिल्याच दिवशी काढून टाकले. आपल्याकडं उसात बिबट्या असताना परदेशी जनावर कशाला, असे त्यांनी विचारले, आणि शिरूर बाजूच्या कोणाही माणसाला हे पटण्यासारखे होते.

खेळाची जागा माझ्या टेबलापासून चाळीस पावलांवर होती. शैलाताईंचे झेरॉक्सचे दुकान, त्यामागे पत्र्याची खोली. रविवारी दुपारी दोन ते पाच. खेळणारे चौघे. एक मी. दुसऱ्या स्वतः शैलाताई, ज्या खेळात चोर होत्या आणि धंद्यात अत्यंत सरळ. तिसरा रामप्रवेश, बिहारचा, पस्तिशीचा, कुरकुंभात ठेकेदाराकडे फिटर. आणि चौथे आप्पा जगताप, शिरूर तालुक्यातले सत्तरीचे बागायतदार, जे या खेळासाठी एस.टी.ने दीड तास येत आणि दीड तास जात. त्यांच्याविषयी पुढे बोलायचेच आहे.

फासा टाकायला शैलाताईंच्या घरची पितळी परात होती. रविवारी परात दुकानात असे, त्यामुळे त्यांच्या घरी त्या दिवशी भातच होई. पुस्तकात असे लिहिले होते, की खेळ चालवणाऱ्याने आपला फासा पुठ्ठ्याच्या आडोशाला टाकावा, म्हणजे एखाद्यावर दया करायची झाल्यास गुपचूप करता येते. मास्तरांनी तो पुठ्ठा कापून त्याच्या पाठीवर नकाशा काढला. म्हणाले, "आडोशाला झाकलेलं काम मी तीस वर्सं पकडत आलो. आता सोता करू व्हय?" फासा परातीत, सर्वांच्या देखत. परातीबाहेर गेलेला फासा म्हणजे न टाकलेला फासा. ज्याच्याजवळ पडेल त्याने आकडा न बघता तळहाताने झाकून परत द्यायचा. हे नियम कोठे लिहिलेले नव्हते. पण तहसीलदारांचे लेखी आदेश मी पाळले गेलेले पाहिलेले नाहीत, आणि हे मोडलेले पाहिलेले नाहीत.

खेळात लढाई लागणार असली की मास्तर काही सांगत नसत. ते बोलता बोलता उठत, मनगटावरचे घड्याळ काढून खिशात ठेवत, आणि भिंतीशी जाऊन पंखा बंद करीत. एवढेच. पंख्याची पाती थांबायला वेळ लागे, थांबताना ती कुरकुरत, आणि तेवढ्या अवधीत आम्ही चौघे आपापल्या कागदावरचा जीवाचा आकडा पुन्हा एकदा वाचून घेत असू. एप्रिल महिना, वर पत्रा, समोर पाच दरोडेखोर. घामाने माझा कागद विरघळलेला आहे. शैलाताईंनी एकदा विचारले, की कागद उडतात म्हणून पंखा बंद करता का. मास्तर म्हणाले, "कागदाला काय व्हतंय. जीव जायची येळ आली तर अंगाला कळाया पायजे." लढाई संपली, की कोण जगले कोण मेले हे बाजूला राहू देऊन ते आधी पंखा लावीत.

पहिला मृत्यू रामप्रवेशचा. खेळ सुरू होऊन बारा मिनिटे झाली होती. आमच्या टोळीला एका ओसाड गावात धान्याचे जुने पेव सापडले, जमिनीखालचे, वर दगडाचे झाकण. रामप्रवेशने झाकण सरकवले आणि आत उडी मारली. मास्तरांनी त्याला दोनदा विचारले, उतरतोस का, नक्की उतरतोस का. तो म्हणाला, "हाँ हाँ, उतर गया." मास्तर शांतपणे म्हणाले, "मेलास."

रामप्रवेश हसू लागला. मग त्याने आमच्याकडे पाहिले आणि त्याचे हसू थांबले. "अरे मास्टरजी, अभी तो नाम लिखा है."

"नाव लिवलंस ते बरं केलंस," मास्तर म्हणाले, "रजिस्टरला लागतंय."

तेव्हा ते रजिस्टर आम्ही प्रथम पाहिले. लाल कापडी पाठीचे, पट्टीने आखलेले. अनुक्रमांक, मयताचे नाव, ठिकाण, कारण. आणि शेवटी तो रकाना, जो त्यांनी कंपनीच्या अपघाताच्या फॉर्मवरून उचलला होता: टाळता आला असता काय? हा रकाना ज्याचे माणूस मेले त्याने स्वतः भरायचा, वाचून दाखवायचा, आणि मग मास्तर खाली "तपासले" लिहून सही करीत. बंद पेवातली हवा मेलेली असते, आधी दोरीने दिवा सोडायचा, विझला तर उतरायचे नाही, हे त्यांनी रामप्रवेशला समजावून सांगितले. रामप्रवेशने हिंदीत लिहिले: हाँ. पहले दिया उतारना था.

यानंतर दोनेक महिन्यांनी एका रविवारी रामप्रवेश पेढे घेऊन आला. त्याच्या ठेकेदाराने त्याला एक टाकी आतून साफ करायला सांगितली होती. रामप्रवेश तोंडाशी उभा राहून म्हणाला, पहले दिया. सुपरवायझर हसला, मग रागावला, मग कटकट नको म्हणून त्याने गॅस तपासायचा मीटर दोरीने आत सोडला. मीटर ओरडला.  मास्तरांनी अर्धा पेढा खाल्ला, मीटरवर आकडा किती होता ते विचारले आणि म्हणाले, चला, सुरू करू. आम्हाला वाटले, आज रामप्रवेशला काही सवलत मिळेल. त्याच दुपारी त्याचा दुसरा योद्धा बिबट्याने नेला.

माझ्या पात्राच्या मृत्यूविषयी मी थोडक्यात लिहितो. माझे पात्र मुत्सद्दी होते, नाव पंडित विद्याधर. घाटात दरोडेखोरांनी वाट अडवली. मास्तरांनी पंखा बंद केला. इतरांनी शस्त्रे काढली. मी मात्र दरोडेखोरांच्या म्होरक्यास उद्देशून निवेदन सुरू केले, कारण माझा शब्दावर विश्वास आहे. मास्तरांनी मला अडवले नाही. ते फक्त माझ्या वाक्यागणिक एकेक बोट मिटत गेले. चौथे बोट मिटल्यावर त्यांनी फासा टाकला आणि म्हणाले, "दरोडेखोराला मराठी कळतंय, पर त्येला येळ न्हाई." पंडित विद्याधर "तथापि" या शब्दावर गेले.

मी दुसऱ्या दिवशी दोन पानी अपील लिहून कुरकुंभला पाठवले. ते रीतसर आवक क्रमांक घालून परत आले. वर शेरा होता: अर्ज वाचला. भाषा उत्तम. मयत कायम. यातील मधला शेरा मी जपून ठेवला आहे. रजिस्टरात मात्र मला लिहावे लागले: होय. निवेदन आटोपते घेतले असते तर.

आता आप्पा.

आप्पा जगताप गावच्या सरपंचपदासाठी चार वेळा उभे राहिले आणि चारही वेळा पडले. त्यांच्या मते दर वेळी मते फिरवली गेली. कोणी फिरवली, कोणाच्या पडवीत बसून फिरवली, हे ते नावानिशी सांगत, आणि दर खेपेला नावे निराळी असत. पाचव्या खेपेस त्यांनी तयारी केली, तर पद राखीव निघाले. हे दुःख त्यांनी एकदा खेळ चालू असताना मांडले, तेव्हा मास्तर परातीकडे बोट करून म्हणाले, "आप्पा, इथं या. फाशाला राखीव-खुलं काय नसतंय." आप्पा क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिले आणि मग इतके हसले, की त्यांना पाणी द्यावे लागले.

खेळात आप्पांचा सरदार होता. रणधीरराव. तीन वर्षे तो जगला. आमच्यात एवढे कोणीच जगले नाही. शैलाताई तीन चोर पुरून बसल्या होत्या, रामप्रवेश पाचव्या योद्ध्यावर होता. दुसऱ्या वर्षी रणधीररावांनी एक किल्ला सोडवला, आणि किल्ल्यावरच्या रयतेने त्यांना किल्लेदार निवडले. निवडले, हा शब्द मास्तरांनीच वापरला. पुढच्या रविवारी आप्पा फेटा बांधून आले. येताना एस.टी.त त्यांनी कंडक्टरला सांगितले असावे, कारण त्या दिवसापासून त्या गाडीचा कंडक्टर त्यांना किल्लेदार म्हणू लागला. मग गावातही कोणी म्हणू लागले, बहुतेक चिडवायला. आप्पांना ते चालत होते. पंचवीस वर्षे माजी उमेदवार म्हणून राहिलेल्या माणसाला कोणतेही चालू पद गोड लागते.

आणि मग मास्तर निवृत्त झाले. मुलगा नागपूरला होता, तिकडे जायचे ठरले. त्यांनी सांगितले, एक रविवार उरलाय, त्यात कथा संपवू.

त्या आठवड्यात गुरुवारी आप्पा माझ्या टेबलासमोर आले. ओळखीचा माणूस म्हणून पुढे न येता ते रांगेत उभे राहिले, दोन जातीच्या दाखल्यांच्या आणि एका वारसनोंदीच्या मागे. पाळी आल्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अर्ज लिवायचाय."

कशाबाबत, असे मी विचारले.

"रणधीररावाबाबत." त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "मास्तर गेलं की ख्योळ संपला. संपताना मानूस जित्ता असला म्हंजी कायमचा जित्ता. मंग त्येला मारायला कुनाचा फासा येत न्हाई. किल्लेदार तो किल्लेदारच. तेवढा एक रविवार काढून द्या."

रणधीररावांचा जीव पंधरावरून तीनवर आला होता, हे मला ठाऊक होते. शेवटचा प्रसंग पुलाचा होता हेही ठाऊक होते. मी कागद ओढला. माझ्या आयुष्यातील जे चारपाच अर्ज मी उत्कृष्ट मानतो, त्यांत या अर्जाचा समावेश होतो. मेहेरबान खेळप्रमुख साहेब यांचे सेवेशी. विषय: सरदार रणधीरराव यांच्या संभाव्य मृत्यूस तूर्तातूर्त मनाई मिळणेबाबत. कारणे सात दिली: अर्जदाराचे वय, एस.टी.चा प्रवास, तीन वर्षांची निष्कलंक सेवा, रयतेने दिलेला कौल, इत्यादी. आणि शेवटी, प्रत्येक अर्जाच्या शेवटी माझा हात आपोआप जे वाक्य लिहितो तेही लिहिले: अथवा साहेबांस योग्य व न्याय्य वाटेल तो अन्य हुकूम व्हावा. या वाक्याने अर्जाला वजन येते. त्याचे पुढे काही होते, असा माझा अनुभव नव्हता.

रविवारी मास्तरांनी अर्ज उभे राहून घेतला. आवक क्रमांक घातला. संपूर्ण वाचला, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने, आणि सातही कारणांना मान हलवली. आप्पा श्वास धरून बसले होते. शैलाताई मला खालून पायाने ढोसत होत्या, म्हणजे चांगला लिहिलाय, असे मी समजलो. मास्तर म्हणाले, सुनावणी लढाईच्या वेळी. अर्ज रजिस्टरात ठेवला आणि खेळ सुरू केला.

प्रसंग सोपा होता. नदीवर एक अरुंद पूल. आमच्यामागे शत्रूची फौज लागलेली, आमच्याबरोबर किल्ल्यातली बायकापोरे. पुलाच्या तोंडाशी कोणीतरी थांबून फौज अडवली, तर बाकीचे पलीकडे जाणार. आणि कोणीच थांबले नाही, तर फौज सर्वांना पुलावर गाठणार. जो पळेल तो मात्र नक्की वाचेल, कारण नदीकाठी झाडी होती. मास्तरांनी हे सर्व दोनदा सांगितले. मग ते उठले, घड्याळ खिशात ठेवले आणि पंखा बंद केला.

रामप्रवेश म्हणाला, मी थांबतो. मास्तर म्हणाले, तुझा योद्धा जखमी होऊन बैलगाडीत पडलाय. शैलाताईंनी तोंड उघडले, पण त्यांच्या चोराला एक हात नव्हता. माझ्याविषयी कोणी विचारले नाही. पंख्याचे शेवटचे पाते थांबले.

आप्पा म्हणाले, "रणधीरराव थांबतोय. पर अर्ज हाय आपला."

"हाय की," मास्तर म्हणाले. त्यांनी कागद काढला, डोळ्यांजवळ नेला. "तुमची मागणी अशी की मारू नये. ती नामंजूर. फासा अर्ज वाचत न्हाई." आप्पांचा चेहरा उतरला. "पर खाली आनखी एक मागणी हाय. योग्य वाटंल तो हुकूम व्हावा. ती मंजूर." फासा ते औषधाच्या रिकाम्या बाटलीत ठेवत, तीतून तो काढला आणि आप्पांच्या समोर ठेवला. "हुकूम असा. शत्रूचा फासा मी टाकणार न्हाई. तुमी टाका. पंधराच्या खाली पडला, रणधीरराव जगला. पंधरा आन् वर पडला, गेला. चार इलेक्शनला मतं दुसऱ्यानं मोजली. मागनं कुनी फिरवला असं म्हनायला नको."

मी माझ्या वाक्याकडे पाहिले. पाव शतकात ते वाक्य प्रथमच कोणीतरी वाचले होते.

आप्पांनी फासा उचलला. बराच वेळ तो तळहातावर हलवत बसले, जणू वजन करीत होते. मग टाकला. फासा परातीच्या काठावर वाजला, उडाला आणि झेरॉक्स मशीनखाली गेला. रामप्रवेशने डोळे मिटून हात घातला, झाकून आणला. न टाकलेला फासा. आम्ही सर्वांनी श्वास सोडला.

आप्पांनी पुन्हा टाकला. या वेळी तो परातीला शिवलाच नाही. सरळ शैलाताईंच्या मांडीवर गेला. पहिला अपघात होता हे मी शपथेवर सांगेन. दुसऱ्याबाबत मी प्रतिज्ञापत्र लिहून देणार नाही.  मास्तर परातीकडे पाहत होते आणि त्यांच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता, तो त्यांनी पुसला नाही. पाच वाजेपर्यंत आप्पा असेच टाकत राहिले असते, तर खेळाची वेळ संपली असती आणि रणधीरराव जिवंत राहिले असते. नियमात ते बसत होते. मला ते दिसत होते आणि आप्पांना ते माझ्या आधी दिसले होते.

शैलाताईंनी फासा झाकून पुढे केला. आप्पांनी घेतला. त्यांनी पुलाच्या नकाशाकडे पाहिले, मग आमच्याकडे, एकेकाकडे.

"प्वारं पलीकडं गेली का?" त्यांनी विचारले.

"निम्मी," मास्तर म्हणाले.

आप्पांनी परात दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढली, अगदी पोटाशी, आणि वीतभर उंचीवरून फासा हळूच आत सोडला. तो दोनदा वाजला आणि गप्प झाला. सतरा.

 बाहेर कोणीतरी शटरवर थाप मारून आधारची झेरॉक्स मागत होते, त्याला थांबावे लागले. मग आप्पांनी स्वतःच खोडरबर घेतला, तीनचा आकडा खोडला, शून्य लिहिले आणि रजिस्टरासाठी हात पुढे केला. अनुक्रमांक अकरा. सरदार रणधीरराव, किल्लेदार. ठिकाण: पूल. कारण: सतरा. शेवटच्या रकान्यापाशी ते थोडे थांबले. मग लिहिले आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवले.

"टाळता आला असता काय? व्हय. पूल सोडला असता तर."

मास्तरांनी रजिस्टर घेतले. "तपासले" लिहायचे होते. त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला, विजारीचे खिसे चाचपले, टेबलाखाली पाहिले. पेन सापडेना. दोन्ही पेने खिशात शिट्टीशेजारी उभी होती, आणि ती आम्हा चौघांनाही दिसत होती. शेवटी मी माझे दिले. सही झाल्यावरही ते बसूनच राहिले. मग शैलाताई उठल्या आणि त्यांनी पंखा लावला.

बुधवारी दुपारी आम्ही चौघे दौंड स्टेशनवर गेलो. मास्तर गाडीत बसण्याआधी डब्याच्या दोन्ही दारांकडे पाहून आले, आणि समोर बसलेल्या कुटुंबाला संकटकाळी उघडणारी खिडकी कोणती ते दाखवून आले. ते कुटुंब तेव्हापासून जरा घाबरलेलेच होते. खिडकीतून त्यांनी फाशाची बाटली आप्पांच्या हातात दिली. म्हणाले, आता खेळ तुम्ही चालवा.

आप्पांनी बाटलीकडे पाहिले. "इलेक्शन न्हाई का?"

"बिनविरोध," मास्तर म्हणाले.

आप्पांनी टोपी सारखी केली. मग विचारायचे म्हणून विचारले, की नागपूरला काय करणार. मास्तर म्हणाले, काय करणार, सूनबाई शाळेत मुख्याध्यापिका हाय, फार कडक हाय, घरात येळापत्रक लावलेलं हाय.  

सिग्नल पडला. गाडीने हिसका दिला. मास्तर उठून उभे राहिले; आम्हाला वाटले, हात हलवणार. त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढले, खिशात ठेवले, वरच्या बटणाकडे हात नेला आणि डब्यातला पंखा बंद केला. समोरच्या बाईंनी आधी पंख्याकडे पाहिले, मग मास्तरांकडे. पाती थांबण्याआधीच खिडकी पुढे सरकली.